औषध मेंदूपर्यंत पोहोचतं का, आणि त्यासाठी बाग विकायची का?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या बाई पुण्यात नोकरी करतात, माहेर सांगली जिल्ह्यात. वडील, म्हणजे घरातले अण्णा, 61 वर्षांचे द्राक्षबागायतदार. मे महिन्यात बागेतच त्यांना फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, पुढच्या भागात गाठ दिसली आणि पुण्यात ऑपरेशन झालं. बायोप्सीचा रिपोर्ट त्यांनी पत्रासोबत पाठवला आहे: ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर), ग्रेड 4, आयडीएच वाइल्ड टाइप, एमजीएमटी मिथायलेटेड. त्यानंतर सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या कॅन्सरच्या औषधाच्या कॅप्सूल. ऑगस्टच्या शेवटी पहिला एमआरआय झाला. त्यात जुन्या जागेभोवतीचा पांढरा भाग वाढलेला दिसतो. डॉक्टर म्हणाले, घाई नको, कॅप्सूल चालू ठेवू, ऑक्टोबरमध्ये पुन्हा बघू.

अमेरिकेतला धाकटा भाऊ रोज लेख पाठवतो. अल्ट्रासाउंडने मेंदूचा अडथळा उघडून औषध देतात, नॅनोकण थेट गाठीत शिरतात, नाकातल्या थेंबांनी गाठ विरघळते, वगैरे. त्याचं म्हणणं, "इथलं औषध अण्णांच्या मेंदूत पोहोचतच नाही." एका एजंटने परदेशातल्या हॉस्पिटलचं 45 लाखांचं 'थेट मेंदूत औषध' पॅकेज सांगितलंय, पण नक्की कोणता उपचार हे तो लेखी देत नाही. दोन एकर बाग विकली तर तेवढे पैसे उभे राहतात. भावाचा आग्रह आहे, काकांचा विरोध, आई गप्प. अण्णांना "साधी गाठ होती, काढली" एवढंच सांगितलंय. बाई विचारतात: "पैशांपायी आम्ही वडिलांना वाचवलं नाही, हे ओझं मला जन्मभर नको आहे. बाग विकू का?"

*

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. बाग विकू नका. ऑक्टोबरचा एमआरआय होईपर्यंत तर नाहीच, आणि त्यानंतरही या एजंटच्या पॅकेजसाठी नाही. पैसे वाचावेत म्हणून हे सांगत नाही. माझी सगळी नोकरी मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवण्यात गेली. औषध मेंदूत कसं शिरतं आणि कुठे अडतं, हा त्यातला माझा सगळ्यात आवडीचा भाग. म्हणूनच तुमच्या पत्रातला "पोहोचतच नाही" हा शब्दप्रयोग मला जरा उलगडून दाखवायचा आहे, कारण तुमचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

भावावर रागावू नका. तो लांब आहे, हातांनी करण्यासारखं त्याच्याकडे काही नाही, म्हणून वाचतोय आणि पाठवतोय. त्याच्या म्हणण्यात तथ्यही आहे. जर्मनीतले पॉल एर्लिख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा बाकी अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. त्यांना वाटलं, मेंदूला हा रंग धरतच नसेल. त्यांच्याच हाताखालच्या एडविन गोल्डमान यांनी 1913 मध्ये उलटा प्रयोग केला. रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. रंग धरत होता, फक्त रक्तातून आत जात नव्हता. 1960 च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचं कारण दिसलं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही. शिवाय त्या पेशींवर असे पंप असतात, की चुकून आत आलेलं औषध ते परत रक्तात फेकतात. यालाच ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. आपल्या मेंदूचं विषांपासून आणि जंतूंपासून रक्षण करणारी ही व्यवस्था कॅन्सरच्या बहुतेक औषधांनाही बाहेरच ठेवते.

आता गाठीकडे येऊ. गाठीच्या मधल्या भागात हा अडथळा मोडलेला असतो. एमआरआयच्या वेळी हाताच्या शिरेतून जे कॉन्ट्रास्ट देतात ते एरवी मेंदूत शिरत नाही. जिथे अडथळा फाटलाय तिथे ते झिरपतं आणि फिल्मवर पांढरं दिसतं. म्हणजे फिल्मवरचा पांढरा भाग हा गळतीचा नकाशा असतो, कॅन्सरचा हुबेहूब नकाशा नसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी पांढऱ्या कडेच्या बाहेर, चांगल्या मेंदूत, दूरवर सरकलेल्या असतात. तुम्ही बागायतदाराच्या घरातल्या, त्यामुळे रानातली हरळी तुम्हाला सांगायला नको: वरचं गवत कितीही स्वच्छ खुरपलं तरी खालच्या काड्या कुठवर गेल्यात ते दिसत नाही. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर डँडी यांनी 1920 च्या दशकात काही पेशंटच्या मेंदूचा उजवा अर्धगोल सगळाच्या सगळा काढला, तरी आजार परत आला. बाहेर सरकलेल्या या पेशींभोवती अडथळा शाबूत असतो. औषध पोहोचवण्याची सगळी झटापट चालते ती या न दिसणाऱ्या भागासाठी.

इथवर भाऊ बरोबर आहे. चूक पुढच्या वाक्यात आहे.

अण्णा जी कॅप्सूल घेतात ती मेंदूत पोहोचते. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने तयार केलेला टेमोझोलोमाइडचा रेणू लहान आहे, स्निग्ध पडद्यातून पार होतो, आणि रक्तात जेवढा असतो त्याच्या साधारण पाचवा हिस्सा मेंदूच्या पाण्यात सापडतो. पाचवा हिस्सा कमी वाटेल, पण या आजाराच्या औषधांत तो चांगलाच आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या युरोपीय-कॅनेडियन अभ्यासात नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षांनी 10.4 टक्के पेशंट हयात होते, रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड दिली तेव्हा 26.5 टक्के. पाच वर्षांनी हेच आकडे 1.9 आणि 9.8 टक्के होते. न्यूयॉर्क असो, टोकियो असो की परळ, तेव्हापासून पहिला उपचार हाच आहे. अण्णांना मागासलेलं काही मिळालेलं नाही. जगात जे देतात तेच मिळालंय.

मग एवढं पोहोचूनही आजार का परततो? तुमच्या रिपोर्टमधला 'एमजीएमटी' हा शब्द बघा. टेमोझोलोमाइड कॅन्सरच्या पेशीचा डीएनए बिघडवतं, आणि एमजीएमटी नावाचं प्रथिन तो बिघाड दुरुस्त करतं. अण्णांच्या गाठीत त्या जनुकाचं बटण बरंचसं बंद आहे, 'मिथायलेटेड' म्हणजे तेच. त्याच अभ्यासात बटण बंद असलेल्या आणि टेमोझोलोमाइड मिळालेल्या पेशंटच्या हयातीचा मध्य 21.7 महिने होता, बटण चालू असलेल्यांचा 12.7. औषध दोघांच्याही मेंदूत सारखंच पोहोचत होतं. फरक पेशीच्या आतला होता. म्हणून पोहोचणं आणि बरं होणं या दोन गोष्टी वेगळ्या धरा. (मध्य म्हणजे निम्मे लोक त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. ती कोणाची तारीख नव्हे. तरी हा आजार किती कठीण आहे ते या आकड्यांत स्पष्ट आहे, आणि ते मी तुमच्यापासून झाकणार नाही.)

भावाने पाठवलेल्या पद्धतींपैकी सगळ्यात जुनी घेते, कारण तिच्यावरून बाकीच्यांची उंची मोजता येते. कार्मुस्टीन हे औषध विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये घालून केलेली वेफर, ग्लियाडेल. बाल्टिमोरचे सर्जन हेन्री ब्रेम आणि एमआयटीचे रॉबर्ट लँगर यांचं हे काम. व्यास दीड सेंटिमीटरच्या आत, जेमतेम मिलिमीटरभर जाड, फिकट पांढरी चकती. प्रत्येकीत 7.7 मिलिग्रॅम औषध. गाठ काढून झाली की सर्जन त्या खळग्याच्या भिंतीला एकेक करून जास्तीत जास्त आठ चकत्या लावतो आणि कवटी बंद करतो. पुढचे दोन-तीन आठवडे औषध तिथेच झिरपत राहतं. अडथळा ओलांडायचा प्रश्नच नाही, औषध पलीकडेच ठेवलेलं. कल्पना सुंदर आहे. अमेरिकेत 1996 मध्ये परत आलेल्या गाठीसाठी तिला मंजुरी मिळाली, 2003 मध्ये नव्या पेशंटसाठी. त्या दुसऱ्या मंजुरीमागच्या अभ्यासात मध्य 11.6 महिन्यांवरून 13.9 वर गेला. फायदा खरा आहे, पण सव्वादोन महिन्यांचा, आणि सोबत जखम न भरणं, सूज, जंतुसंसर्ग यांची भीती. औषध चकतीपासून काही मिलिमीटरच पुढे जातं, आणि पेशी गेलेल्या असतात त्याच्या कितीतरी पुढे. अण्णांच्या बाबतीत तर ही चकती आता लावताच येणार नाही, कारण ती ऑपरेशनच्या वेळीच ठेवायची असते.

मग संशोधकांनी मेंदूत बारीक नळ्या घालून हलक्या दाबाने, चार-चार दिवस औषध सोडायला सुरुवात केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने 1994 मध्ये ही पद्धत मांडली. 2010 मध्ये तिचा मोठा निकाल आला, या नळ्यांचा सामना थेट वेफरशी होता: हयातीचा मध्य नळ्यांत 36.4 आठवडे, वेफरमध्ये 35.3, म्हणजे फरक नाही. नंतर तपासलं तेव्हा बऱ्याच नळ्यांची टोकं हवी तिथे बसलेली नव्हती, असं निघालं. पद्धत टाकून दिलेली नाही, काम चालू आहे. पण वर्तमानपत्रातला मथळा आणि पेशंटच्या खाटेशेजारचा निकाल यांच्यात केवढं अंतर असतं, ते इथे दिसतं.

अल्ट्रासाउंडबद्दल मात्र मला स्वतःला मनापासून आशा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे देतात आणि कवटीबाहेरच्या हेल्मेटमधून किंवा कवटीत बसवलेल्या यंत्रातून ध्वनिलहरी सोडतात. रक्तवाहिनीतले बुडबुडे थरथरतात, भिंतीच्या पेशी क्षणभर एकमेकींपासून सुटतात, आणि औषधाला वाट मिळते. टोरंटोच्या सनीब्रुक हॉस्पिटलमध्ये 2015 मध्ये ब्रेन ट्युमरच्या पेशंटवर हे कवटी न उघडता, हेल्मेटमधून पहिल्यांदा झालं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 2023 मध्ये 17 पेशंटचा अभ्यास छापला. कवटीत नऊ लहान अल्ट्रासाउंड चकत्यांचं यंत्र बसवून त्यांनी दाखवलं की मेंदूतलं औषधाचं प्रमाण चार ते सहा पट वाढतं, आणि अडथळा पहिल्या तासाभरातच बराचसा परत मिटतो. वापरलेलं एक औषध होतं पॅक्लिटॅक्सेल. प्रयोगशाळेत ते या पेशींना चांगलं मारतं, पण एरवी मेंदूत शिरत नाही. तुमच्या भावाने बहुधा त्यानंतरची, अमेरिका-कॅनडातली टेमोझोलोमाइडसोबतची चाचणी वाचली असेल: 34 पेशंट, आणि मध्य 30 महिन्यांच्या वर, तुलनेच्या गटात 19. वाचून कोणाचाही जीव उसळेल. पण तुलनेचा गट चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता, जुन्या नोंदींतून शोधलेले 'तसेच' पेशंट होते. आणि अशा चाचणीत जातात ते मुळात धडधाकट, दर महिन्याला मोठ्या शहरात येऊ शकणारे, ज्यांची गाठ बऱ्यापैकी निघालीय असे. यातला किती फरक अल्ट्रासाउंडचा आणि किती निवडीचा, हे चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठ्या चाचणीतूनच कळेल. कवटीतल्या यंत्राची तशी चाचणी युरोप-अमेरिकेत सुरू झाली आहे, पण ती गाठ परत आलेल्या पेशंटसाठी आहे. अण्णांची गाठ परत आलीय असं अजून कोणी म्हटलेलंच नाही.

नॅनोकण आणि नाकातले थेंब यांवर जास्त थांबत नाही. 2016 मध्ये जुन्या प्राणी-अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी निव्वळ 0.7 टक्के गाठीपर्यंत जातात असं दिसलं (सगळ्या प्रकारच्या गाठी धरून). नाकातून थेंबांच्या ज्या बातम्या फिरतात त्या बहुतेक उंदरांच्या आहेत. आपल्याकडच्या कार-टी पेशींबद्दलही (पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडतात त्या) पुष्कळ वाचक विचारतात, म्हणून इथेच सांगते: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेली, 2023 मध्ये मंजूर झालेली थेरपी रक्ताच्या विशिष्ट कॅन्सरसाठी आहे, मेंदूच्या नाही. बोस्टनमध्ये 2024 साली तीन ग्लायोब्लास्टोमा पेशंटना वेगळ्या कार-टी पेशी थेट मेंदूच्या पाण्यात दिल्या. गाठी काही दिवसांत आक्रसल्या, हे खरोखर थक्क करणारं होतं. पण तिघांपैकी दोघांत तो परिणाम टिकला नाही.

हे सगळं मी कशासाठी सांगितलं? यातली एकही गोष्ट 45 लाख देऊन 'घेता' येत नाही म्हणून. तुम्ही असं धरून चालला आहात की उपचार कुठेतरी तयार आहे आणि मध्ये फक्त पैशांची भिंत आहे. तसं नाही. हे प्रयोग आहेत. प्रयोगात पेशंट पैसे देऊन शिरत नाही, निकषात बसला तर शिरतो: गाठ पहिल्यांदाची की परतलेली, किती मोठी, पेशंट हिंडता-फिरता आहे का, स्टिरॉइडचा डोस किती. रीतसर चाचणीत चाचणीचं औषध किंवा यंत्र विकत घ्यावं लागत नाही. अमेरिकेत मात्र नेहमीच्या तपासण्या आणि हॉस्पिटलचं बिल विम्याकडे जातं, आणि परदेशी पेशंटला ते खिशातून भरावं लागतं, तेही ध्यानात ठेवा. जो माणूस प्रायोगिक उपचाराची पूर्ण किंमत आधी मागतो आणि नाव लेखी देत नाही, तो चाचणी चालवत नाही, धंदा चालवतोय.

एजंटला चार ओळींचा मेसेज टाका. उपचाराचं नाव काय, चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय, ती कितव्या टप्प्याची, आणि अण्णांची फाइल कोणत्या डॉक्टरने बघून त्यांना घ्यायचं ठरवलं. अमेरिकेतल्या आणि बाहेरच्याही बहुतेक चाचण्या क्लिनिकलट्रायल्स डॉट जीओव्ही या सरकारी नोंदवहीत सापडतात. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या आपल्या सरकारी नोंदवहीत सापडतात, तिथे 2009 पासून नोंद सक्तीची आहे. क्रमांक मिळाला तर भावाला तो तिथे तपासू दे, निकषांचा रकाना अण्णांच्या रिपोर्टशी ताडून बघू दे. हे काम त्याला छान जमेल, आणि लेख पाठवण्यापेक्षा उपयोगाचं आहे. क्रमांक नाही आला तर विषय संपला.

आता ऑगस्टच्या एमआरआयबद्दल. सगळ्या घराला धावायला लावलं ते त्या पांढऱ्या भागाने. गळतीचा नकाशा म्हटलं होतं ते आठवा. रेडिएशनमुळेसुद्धा रक्तवाहिन्या गळतात. म्हणून रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत गाठ वाढल्यासारखी दिसते आणि पुढच्या एमआरआयमध्ये, काहीही न बदलता, ती कमी होते, असं बऱ्याच पेशंटमध्ये घडतं. डॉक्टर याला 'स्युडोप्रोग्रेशन' म्हणतात, आणि एमजीएमटी मिथायलेटेड असलेल्यांत ते जास्त दिसतं. म्हणूनच जगभरचे डॉक्टर पहिल्या 12 आठवड्यांत, रेडिएशन दिलेल्या भागाच्या आतच पांढरेपण वाढलं असेल, तर तेवढ्यावरून आजार वाढला असं ठरवत नाहीत. तुमचे डॉक्टर "घाई नको" म्हणाले ते टाळाटाळ म्हणून नाही. ऑक्टोबरमध्येही खरीच वाढ निघेल, ही शक्यता आहेच. पण ती निघालेली नाही. या घडीला चालू कॅप्सूल सोडून परदेशी जाणं म्हणजे ज्या औषधाचा अण्णांच्या गाठीवर जास्त परिणाम व्हायची शक्यता रिपोर्टच सांगतोय, तेच मधे तोडणं.

दुसरं मत जरूर घ्या. टाटा मेमोरियलला, परळला किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला, न्यूरो-ऑन्कॉलॉजीच्या डॉक्टरांना फाइल दाखवा. पेशंटला न नेताही, 'नव्या' या टाटाशी जोडलेल्या ऑनलाइन सेवेतून लेखी मत मागवता येतं. नेताना नुसता कागदी रिपोर्ट नको, एमआरआयच्या सगळ्या सीडी, ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या, आणि रेडिएशनचा समरी कागद न्या. बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, हॉस्पिटलकडे असतो, लागला तर मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. तिथे एक प्रश्न आवर्जून विचारा: "ऑक्टोबरमध्ये खरी वाढ निघाली तर तुम्ही काय कराल, आणि भारतात अण्णा बसतील अशी एखादी चाचणी आहे का?"

ज्यांच्या घरी दुसऱ्या प्रकारचा ब्रेन ट्युमर आहे त्यांनी बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आयडीएच आणि बीआरएएफ ही जनुकांची नावं शोधावीत. आयडीएच बदललेल्या, ग्रेड 2 च्या गाठींसाठी अमेरिकेत ऑगस्ट 2024 मध्ये व्होरासिडेनिब नावाची गोळी मंजूर झाली. अडथळा पार करेल अशाच बेताने तो रेणू घडवलेला आहे. गाठ वाढायला लागेपर्यंतचा मध्य तिने 11.1 महिन्यांवरून 27.7 वर नेला. यंत्र नाही, नळ्या नाहीत, रोजची एक गोळी. 'थेट मेंदूत औषध' याचा हाही एक अर्थ आहे, आणि मला वाटतं पुढची बरीचशी प्रगती याच वाटेने येईल. अण्णांच्या रिपोर्टमध्ये आयडीएच 'वाइल्ड टाइप', म्हणजे न बदललेलं, आहे, त्यामुळे ही गोळी त्यांच्यासाठी नाही.

पत्रातला सगळ्यात अवघड भाग तुम्ही एका ओळीत उरकला आहे. अण्णांना सांगितलेलं नाही. बाग कोणाच्या नावावर आहे? तुम्ही लिहिलेलं नाही, पण सातबारा अण्णांच्या नावावर असणार असं मी धरते. म्हणजे विक्रीला त्यांना सब-रजिस्ट्रारसमोर बसावं लागणार. तिथे त्यांनी विचारलं, "साधी गाठ काढली ना, मग बाग कशाला विकायची?" तर तुमच्यापैकी कोण उत्तर देणार? त्यांना कळू न देणं आणि त्यांची बाग विकणं, या दोन्ही गोष्टी एकत्र होऊच शकत नाहीत. आणि खरं सांगू का, सहा आठवडे रोज रेडिएशनच्या मशीनखाली झोपलेला माणूस, वेटिंगमध्ये दहा जणांशी बोललेला, त्याला काही कळलेलं नाही असं मला वाटत नाही. बहुधा ते तुम्हाला सांभाळून घेत आहेत.

तेव्हा आधी त्यांच्याशी बोला. रोगाचं नाव तोंडावर फेकायची गरज नाही. घरी, आई जवळ असताना, सकाळी ते ताजेतवाने असताना विचारा: "अण्णा, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय वाटतं? डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तुम्हाला ऐकायचंय का, का आम्ही बघून घेऊ?" ते "तुम्ही बघा" म्हणाले तर तोही त्यांचा निर्णय, त्याचा मान ठेवा. त्यांनी विचारलं तर खरं सांगा, थोडं थोडं, ते विचारतील तेवढंच. हे लांबवू नका. गाठ मेंदूच्या पुढच्या भागात होती. आजार वाढला तर स्वभाव, निर्णय घेण्याची ताकद, बोलणं यांवर परिणाम होऊ शकतो. आज ते ऑक्टोबर छाटणीची माणसं कोणती लावायची, कोणत्या प्लॉटला आधी हात घालायचा, हे ठरवू शकतात, तर स्वतःच्या उपचाराबद्दलही ठरवू शकतात. बँकेचं नॉमिनेशन, वारसाचं काय करायचं, कोणाचं किती देणं आहे, हेही त्यांच्या तोंडून आत्ताच कळलेलं बरं. ते स्वतः सगळं समजून म्हणाले, "बाग विका, मला प्रयत्न करायचाय," तर तो वेगळा प्रश्न होईल, आणि मग खऱ्या चाचणीसाठी तो जरूर विचारात घेऊ.

ओझ्याबद्दल तुम्ही लिहिलंत. वडिलांसाठी होतं नव्हतं ते विकलं म्हणजे आपण केलं, नाही विकलं म्हणजे नाही केलं, असं आपल्या घरांतून मानलं जातं आणि लेकींच्या वाट्याला ते जरा जास्तच येतं. मला ते पटत नाही. अण्णा परक्या देशात, भाषा न कळणाऱ्या वॉर्डात तीन महिने पडून राहिले, आई इकडे एकटी, आणि हाती दोन-तीन महिने वाढतील अशी खात्रीही नाही. यात करण्यासारखं काय झालं?

घरी मात्र करण्यासारखं भरपूर आहे, आणि त्याने खरंच फरक पडतो. टेमोझोलोमाइड दर 28 दिवसांत पाच दिवस, रिकाम्या पोटी, उलटीची गोळी अर्धा-एक तास आधी देऊन. कॅप्सूल फोडायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही. फुटलीच तर पावडरला उघडा हात लावू नका. रक्ताची तपासणी ठरल्या दिवशीच, आणि 100.4 च्या वर ताप गेला तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी हॉस्पिटल. फिटची गोळी एकही वेळ चुकवायची नाही. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवायला कोणी पुढे आलं तर बाजूला करा, घड्याळ बघा, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर अ‍ॅम्ब्युलन्स. ट्रॅक्टर आणि मोटरसायकल बंद, फवारणीपासूनही लांब. स्टिरॉइड चालू असेल तर साखर तपासा आणि ते मनाने एकदम बंद करू नका. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांची भेट आत्ताच घ्या. ते शेवटचे डॉक्टर नव्हेत. डोकेदुखी, झोप, चिडचिड, थकवा यांवर त्यांच्याइतकं लक्ष दुसरं कोणी देत नाही. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन.

आणि भावाला कळवा की तिकीट काढायचं तर त्याने स्वतःसाठी काढावं. ऑक्टोबरच्या एमआरआयची तारीख त्याला आजच द्या. त्याने त्या दिवशी ओपीडीत तुमच्या शेजारी बसावं, मनातले प्रश्न डॉक्टरांनाच विचारावेत, आणि रजा मिळेल तेवढे दिवस छाटणीला अण्णांबरोबर थांबावं.